कापडाच्या नोटा

भाव तासातासाला चढत होते; बर्लिनचा पैसा आमच्या गावी पोचेपर्यंत मेलेला असायचा. म्हणून नगरपालिकेने स्वतःच्याच नोटा काढल्या, आणि कागद मिळेना तर लिननवर छापल्या. लिननच्या गिरणीचं गाव, दुसरं होतं काय आमच्याकडे? एकोणीसशे तेवीसच्या नोव्हेंबरात मला पगार म्हणून त्याच नोटांचा गठ्ठा मिळाला.

गठ्ठा घेऊन मी थेट ब्रॉकमनच्या कापडदुकानात गेले. माझ्या बहिणीची, ओटीलियेची, तान्ही पोर अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. थंडीने ओठ निळे पडायचे तिचे. आज अंगड्याचं कापड घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, हे माझं पक्कं होतं.

ब्रॉकमनने गठ्ठा चाचपला आणि अर्धा मीटर लिनन फाडून समोर टाकलं. "एवढंच येईल, हेडविगबाई. दुपारी नवा भाव लागला की तेही नाही."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या तुकड्यावर मी एकेक नोट मांडत गेले. तुकडा पुरता झाकला गेला, तरी निम्म्या नोटा हातात उरल्या.

"मी दुप्पट कापड द्यायचं आणि तुम्ही निम्मं? वा रे धंदा, शेठ."

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"अहो, ते कापड नाही, पैसा आहे तो," ब्रॉकमन म्हणाला.

"मग पैसा म्हणून घ्या की."

मी नोटा गोळा केल्या आणि घरी आले.

नोटांशेजारी कात्री बघून ओटीलिये रडायलाच लागली. "ताई, नगराध्यक्षांची सही आहे त्यावर. धरून नेतील तुला."

"नेऊ देत. तुरुंगात निदान शेगडी असेल."

नोटा उकळून काढल्या. शाई काही हलली नाही, छपाई मात्र पक्की केली होती मेल्यांनी. कोरी बाजू आत, आकडे बाहेर, असं जोडत जोडत अंगडं शिवलं. बोटं सुजली, पण उठले नाही.

सकाळी कळलं, भाव पुन्हा चढला. त्या गठ्ठ्यात आता अंडंसुद्धा आलं नसतं. मी अंगड्यात हात घालून पाहिला. पोरीचं अंग छान ऊबदार लागलं, आणि मला रडूच आलं.

"बाह्या लांब झाल्या गं, ताई," ओटीलिये म्हणाली.

"असू देत," मी म्हणाले. "वाढायचंय तिला."