लागलं नाही

आमच्या गल्लीतल्या भट्टीवाल्याचा दरारा असा, की पाव करपायला घाबरायचे. धूरसुद्धा त्याला विचारून चिमणीबाहेर पडायचा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, माझं काय जातंय.

त्याची बायको मात्र एक गोष्ट हमखास करपवायची. पावासोबत तोंडी लावायला केलेला घेवडा. भिजवून उकडलेले दाणे, कांदा, टोमॅटो, गूळ, आणि भिंतीवरच्या पालीला शिंका आणणाऱ्या सुक्या मिरच्या. पाव निघाले की निवत्या भट्टीत ती मडकं सरकवायची. वरचा मऊ, गोड-तिखट घेवडा नवऱ्याला वाढायची आणि बुडाची काळी खरवड स्वतः घ्यायची.

"आज पुन्हा लागलंय," तो म्हणायचा. "लक्ष कुठं असतं तुझं? भट्टीवाल्याची बायको ना तू?"

ती मान खाली घालून खरवडत राहायची.

पुढं ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. पेज नको, दूध नको. पाठची बहीण उशाशी येऊन राहिली. एका दुपारी बायको पुटपुटली, "घेवडा खाईन."

आपल्या हातचे दोन घास तिच्या पोटात जावेत, एवढीच आता त्याची आस. जन्मात पहिल्यांदा त्यानं घेवडा रांधला. भट्टीपाशी बसून सारखं ढवळलं. मडक्याच्या बुडाला डागसुद्धा पडू दिला नाही. घास भरवून विचारलं, "कसं लागतंय?"

"लागलं नाही," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

बिचारीच्या जिभेची चवच गेली, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी गूळ वाढवला, मिरच्या दुप्पट घातल्या. ती खोकून खोकून बेजार झाली.

"लागलं नाही हो."

"भावोजी, जीव घ्याल तिचा," मेहुणी म्हणाली.

"अगं, चव लागत नाही म्हणतेय ती. करू काय मी?"

त्यानं पुन्हा मडकं भट्टीत ठेवलं. ढवळायला उठणार, तोच आतून मेहुणीनं हाक मारली. त्या हाकेनंतर मडकं कुणाच्या लक्षात राहणार?

तिला स्मशानात पोचवून तो परतल्यावर मेहुणीनं ते मडकं बाहेर काढलं. वरचे दाणे सुकून गेले होते, तळाशी जाड काळा थर. तिनं चमच्यानं खरवडून जिभेवर ठेवला आणि डोळे पुसले.

"हे लागलं बघा. लहानपणी आम्ही बहिणी खरवडीवरून भांडायचो. लागावं म्हणून ताई मुद्दाम तळाला गूळ घालायची. तुम्हाला कधी बोलली नाही?"

तो मडकं मांडीत घेऊन बसला. इतकं खरवडलं, की बुडातून पलीकडचा उजेड दिसायला लागला म्हणतात.

हल्ली त्याच्या पावांचं बूड काळं असतं.

"दादा, आज पुन्हा लागलंय," गिऱ्हाइकं कुरकुरतात.

तो बुडाचा काळा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकतो.