फक्कीच्या रेघा

मित्रांनो, भंगारात उभा असलेला लोखंडी चाकांचा हा गंजका हातगाडा पाहून तुम्ही सहज पुढे निघून जाल. पण एके काळी नगरच्या एका पंपांच्या कारखान्यात माझ्यावाचून पान हलत नसे.

त्याच कारखान्याच्या शेडमध्ये माझी बांधणी झाली. मला ढकलायला झुंबरबाई होत्या. नवरा गेल्यावर मुलींना घेऊन त्या मिरजगावाहून शहरात आल्या होत्या. पंपांचे ओतीव भाग आम्ही गोदामातून लेथकडे, लेथवरून ड्रिलकडे, तिथून जोडणीला आणि मग रंगाला न्यायचो. मालक सगळ्यांना सांगत की, झुंबरबाईंचा गाडा थांबला तर कारखाना थांबेल. ते ऐकून मला भारी वजनही हलकं वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचं पाणी खोल गेलं आणि पंपांची मागणी वाढली. सगळे धावत होते, तरी माल वेळेवर निघेना. मालकांनी गहिनीनाथ नावाच्या इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी मैदान आखायची चुन्याची फक्की पाटीभर घेतली आणि ते एकाच पंपाच्या मागे, म्हणजे आमच्याच मागे, जमिनीवर रेघ ओढत निघाले. जिथे जिथे पंप नुसता पडून राहिला, तिथे त्यांनी गोल काढला.

तो पंप रंगून तयार झाला, तेव्हा सगळ्यांनी खाली पाहिलं. फाटकापासून मागच्या शेडपर्यंत, परत फाटकाशी, पुन्हा मागे, असा पांढऱ्या रेघांचा गुंता झाला होता. गोल तर जागोजागी. यंत्रं जशी आली, तशी रिकाम्या जागेत बसवली होती. खरं काम थोडंच, बाकी सगळा वेळ ने-आण आणि खोळंब्यात वाया जातोय, असं गहिनीनाथांनी सांगितलं.

मी हादरलो. ती ने-आण म्हणजे तर मीच होतो!

झुंबरबाईंनी माझी मूठ सोडून विचारलं, "सायेब, मंग मी येवढी वरसं नुसती फिरतच हुते व्हय?"

गहिनीनाथांनी फक्कीची पाटी खाली ठेवली. "चूक तुमची नाही, बाई. मशिनी आमच्यासारख्या लोकांनी तशा मांडल्या."

मालक म्हणाले, यंत्रं शेजारी शेजारी लावू, म्हणजे गाड्यावर माणूस लागणार नाही. बाईंचा चेहरा उतरला. तरी त्या बोलल्या.

"मालक, माझं चालनं कमी करा. मला नगा कमी करू."

मालक त्या रेघांकडे वळले. मग म्हणाले, "जोडणीच्या टेबलावर बसाल?"

यंत्रं हलली. पंप हातोहात पुढे सरकू लागले. मला कुंपणाशी उभं केलं. चाकं गंजली, आणि मी मनातून कुढत राहिलो.

एका संध्याकाळी झुंबरबाई येऊन माझ्या काठावर टेकल्या. पाय सैल सोडून स्वतःशीच म्हणाल्या, "बरं झालं बाई. लई ठनकायचे."

मित्रांनो, फक्कीच्या रेघांनी बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. इतकी वर्षं त्यांचे हात माझ्या मुठीवर होते आणि त्यांचे पाय दुखतात हे मला ठाऊकच नव्हतं.

माझ्या चाकांना आता तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासाठी जे माणूस रोज खेपा घालतं, त्याला एकदा बसवून घ्या आणि विचारा, काय दुखतंय म्हणून.