तिसरी प्रत

आमच्या कॉलेजात भाषण करायचं तर आता आधी ऑफिसात माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, टेबलाशी यावं लागतं. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या दोन गटांत जुंपली आणि वरून नियम आला. भाषण आठ दिवस आधी लिहून द्यायचं, हाताने, तीन प्रतींत. मी तिन्ही प्रती ओळ न् ओळ ताडून पाहायच्या, आक्षेपार्ह मजकुराखाली लाल पेन्सिल ओढायची आणि शेवटी लिहायचं, 'पूर्ण वाचले, प्रती सारख्या आहेत.' फरक निघाला तर अर्ज बाद. एक प्रत प्राचार्य साहेबांना, एक विद्यार्थ्याला, तिसरी माझ्या फायलीत.

या नियमाला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते. तीस वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर चढून विनापरवाना भाषण ठोकलं म्हणून मला पंधरा दिवस घरी बसवलं होतं. तीच मी आता लाल पेन्सिलीला टोक काढते. पोटासाठी, दुसरं काय.

माझी लेक इथेच दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला हा नियम पटतो. तिचं म्हणणं, ज्यांच्या बोलण्याने माणसं दुखावतात त्यांना माईक द्यायचाच कशाला? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. रोज जेवताना आमचं वाजायचं आणि तिचे बाबा मध्ये बसून मुकाट्याने घास गिळायचे. शेवटी मी फर्मान काढलं की या घरात जेवताना हा विषय नको. ती म्हणाली, "बरं." तेव्हापासून आठ महिने आम्ही मीठ, धुणं आणि गॅस सिलिंडर यांवर बोलतो.

सोमवारी माझ्या ट्रेमध्ये तिचा अर्ज होता. मी डबा खायला गेले होते तेवढ्यात ठेवून गेली असावी. विषय, 'प्रत्येकाला व्यासपीठ का नको'. मी दात-ओठ खात वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिच्या मैत्रिणीची हकीकत होती. मागच्या वर्षी एका पाहुण्या वक्त्याने त्या मुलीच्या लोकांची स्टेजवरून टर उडवली, सगळं सभागृह खदाखदा हसलं, आणि ती पोर पुन्हा वर्गात आलीच नाही. लेकीच्या शेजारची तिची जागा अजून रिकामी आहे, असं लिहिलं होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? मी तिला तिथवर पोहोचूच दिलं नव्हतं.

दुसरी प्रत तंतोतंत तशीच. तिसरीच्या शेवटच्या पानावर मात्र चार ओळी जास्त होत्या.

'आई, ही प्रत तुझ्याजवळ राहते म्हणून इथे लिहिते. तू टेबलावर चढलीस ती गोष्ट मी लहानपणी रोज मागून मागून ऐकायचे. त्यातूनच बोलायला शिकले. मग तुझ्याशीच का बोलायचं नाही? घरी तू ऐकत नाहीस. इथे तुला पूर्ण वाचावंच लागतं.'

माझे डोळे भरून आले. मी फाईल तोंडासमोर धरली.

प्रती सारख्या नव्हत्या. एक शेरा मारला असता तर अर्ज बाद, भाषण बंद, तेही अगदी नियमात बसून. मला न पटणारं भाषण. खोटं कशाला सांगू, पेन्सिल हातात घेतली होती.

ती खाली ठेवली. शेवटचं पान काढून पर्समध्ये घातलं आणि कोऱ्या कागदावर पहिल्या प्रतीवरून ते नव्याने उतरवलं. तिचं अक्षर लहानपणी मीच हात धरून गिरवून घेतलंय, आमच्या दोघींच्या अक्षरांत तिच्या बाबांनाही फरक कळत नाही. 'प्रत्येकाला व्यासपीठ मिळू नये' हे वाक्य माझ्याच हाताने लिहिताना पेन अडलं. तरी लिहिलं. सही केली. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता शिक्का मारला.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी ते पान तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिचा चेहरा उतरला.

"अर्ज बाद झाला?"

"नाही. पुढच्या सोमवारी आहे तुझं भाषण. त्याआधी मला सांग."

"आत्ता? जेवताना?"

"जेवतानाच."

"आणि तुझा नियम?"

"नियम मोडून पंधरा दिवस घरी बसलेली बाई आहे मी. बोल."

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. मग तिने त्या मैत्रिणीपासून सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्याला मी तोंड उघडलं, तर यांनी पाण्याचा पेला गुपचूप माझ्याकडे सरकवला. मी पाणी प्यायले.

ती बोलत राहिली. निम्मं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तिच्या ताटातलं सगळं गार झालं, आणि मी तिला एकदाही 'आधी जेव' म्हटलं नाही.