कडी लावलेली नाही

"असं अजून काय आहे तुमच्याकडे?" साहेबानं विचारलं, आणि मीटिंगच्या खोलीतल्या नऊच्या नऊ माना वाक्यवाल्याकडे वळल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती. कितीतरी दिवस आडवी पडून राहिलेली, मग एका मंगळवारी एकदम उठून उभी राहिलेली. त्या मंगळवारी वाक्यवाल्याचं वाक्य सुटलं होतं. ज्यांनी महिनाभर गेम उघडला नव्हता त्यांच्या मोबाइलवर ते गेलं, आणि हाक ऐकून माणसं परत आली.

साहेब सव्वीस वर्षांचा. त्याच्या दारावर 'ग्राहकवाढ प्रमुख' अशी पाटी होती. पाठीमागे सगळे त्याला वाढप्या म्हणत, तोंडावर सर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान चिडता आलं असतं.

"दादा, ऐका," साहेब म्हणाला. "नवीन खेळाडू आणायचा म्हणजे जाहिरात करा, बक्षीस द्या, सतरा भानगडी. सगळा बाजार आता जुन्याला परत बोलावण्यावर आलाय. ते तुम्हाला जमतं. पण तीन महिन्यांत हे वाक्य शिळं झालंय. दुसरं द्या. त्याच घरचं."

'त्याच घरचं' म्हणताना तो हसला. वाक्यवालाही हसला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस सव्वीस वर्षांच्या माणसापुढे जसा हसतो तसा.

अकरा वर्षांपूर्वी तो या कंपनीत लागला तो शेवट लिहायला. तेव्हा गेम डब्यातून मिळायचा. विकत घ्यायचा, खेळायचा, संपवायचा, फळीवर ठेवायचा. शेवटी राजा मरायचा नाहीतर बोट किनाऱ्याला लागायची, आणि त्या वेळी पडद्यावर ज्या चार ओळी यायच्या त्या याच्या. मग वरच्या मंडळींच्या ध्यानात आलं की शेवट झाला की माणूस उठून जातो. उठून गेलेला माणूस काय कामाचा? म्हणून गेम फुकट केला आणि शेवटच काढून टाकला. आताच्या 'दिव्यांचं गाव'ला शेवट नाही. घरोघरी दिवे लावत बसायचं. आला नाहीत तर एकेक दिवा विझतो, आणि दारात बसलेली एक म्हातारी तुमची वाट बघते. दिवे लवकर लागावेत म्हणून तेल विकत घ्यायचं. धंदा तो.

शेवट लिहिणारे पाच जण होते. चौघांना नारळ मिळाला. पाचव्याला त्या म्हातारीच्या तोंडची वाक्यं लिहायला बसवलं. रीत अशी की दोन वाक्यं लिहायची, अर्ध्या लोकांना एक पाठवायचं, अर्ध्यांना दुसरं. ज्याला जास्त माणसं फसली ते ठेवायचं. याची वाक्यं लागोपाठ हरत गेली. मग एका सकाळी निरोप आला, "शुक्रवारी जरा भेटून जा." चौघांनाही तसाच निरोप आला होता. त्या दुपारी वाक्यवाल्यानं, कुणी बघत नाही ना असं बघून, लिहिलं: 'दाराला कडी लावलेली नाही.'

गरजू माणूस चोरी करतो तेव्हा निदान परक्याच्या घरात करतो.

ते वाक्य त्याच्या बहिणीचं, अक्काचं. आईबाप लवकर गेले. अक्कानं नर्सचं शिक्षण घेता घेता त्याला वाढवलं. सतराव्या वर्षी तो परीक्षेत नापास झाला, अक्काला नाही नाही ते बोलला आणि पळून गेला. दुसऱ्या गावात खाणावळीत भांडी घासत होता. अक्कानं कुठून कुठून पत्ता काढला आणि एक कार्ड पाठवलं. रागावणं नाही, रडणं नाही. पाचही शब्द नव्हते पुरते. तिसऱ्या दिवशी हा पोचला, दार लोटलं आणि ते उघडलं. तेव्हापासून अक्कानं त्या दाराला आतून कडी घातली नाही. शेजारणी म्हणायच्या, "चोर येईल." ती म्हणायची, "आला तर चहा पाजीन."

रेघ उभी राहिली, शुक्रवारची भेट रद्द झाली, आणि वाक्यवाला अक्काकडे जायचा थांबला. आधी दर रविवारी जात असे. तीन महिन्यांत एकदाही गेला नाही. कामाचं निमित्त सांगत राहिला.

आज गेला. वाक्य आणायला.

दोन जिने चढून वर आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अक्का खिडकीजवळ बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होती. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा असा उजळला, की याला वाटलं आल्यापावली परत फिरावं.

"आलास! मला माहीत होतं तू येणार."

"कसं काय?"

"बस आधी. वाळलायस किती! तुझ्या कंपनीत जेवायला सुट्टी देतात की तीपण काढून टाकली?" ती उठून चहा ठेवायला गेली. आतूनच बोलत राहिली. "तुझा तो दिव्यांचा गेम मी सोडला होता रे. चष्मा मोडला, मनगट दुखायला लागलं. म्हटलं धाकट्याच्या कंपनीचं माझ्या एकटीमुळे काय अडतंय. महिनाभर उघडलाच नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी एकदम मोबाइल वाजला."



अक्का कप घेऊन आली. समोर बसली. आवाज खाली आणला, गुपित सांगताना आणतात तसा.

"तू पाठवलंस ना ते? कडीचं?"

आता खरं सांगायला हवं होतं. सांगायला तीन शब्द पुरले असते. वाक्यांवर पोट भरणाऱ्या या माणसाला ते तीन सापडले नाहीत.

"हो," तो म्हणाला.

"मला कळलंच. आपल्या दोघांशिवाय ते कुणाला ठाऊक आहे? रडले रे मी. म्हटलं फोन करायला लाजतोय, म्हणून गेममधून बोलावतोय. लहानपणापासून तुझं सगळं आडवळणानंच. म्हटलं, मीच जाऊन भेटावं का? मग वाटलं, नको, येईल." तिनं कप त्याच्याकडे सरकवला. "घे. चहा गार झाला तर पुन्हा करता येतो. माणूस गार झाला की काही करता येत नाही."

आणि या हरामखोराचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. वाक्य चांगलं होतं. विसरायच्या आत लिहून घ्यायला हवं होतं. हात खिशापर्यंत पोचल्यावर त्याला कळलं आपण काय करतोय. हात तिथेच राहिला, ना आत ना बाहेर.

तेवढ्यात खालची शिलाईवाली दार ढकलून आत आली. गळ्यात टेप, हातात अक्काचा ब्लाउज.

"अगोबाई, भाऊ आलेत! अक्का, मग काय, खरा ठरला ना निरोप? रोज सांगते मला, भाऊनं निरोप पाठवलाय, भाऊ येणार आहे. कसला हो निरोप?"

"आमचा आहे आपला," अक्का लाजून म्हणाली. "कडी लावलेली नाही, असा."

"हात्तिच्या! तो होय? मलापण आला की! भाचीला तर दोनदा आला. त्या गेममधली म्हातारी पाठवते तो. मी म्हटलं, बये, कडी लाव आणि झोप, मला इथं मशिनवरून उठायला सवड नाही!"

ती एकटीच हसली. मग कुणी हसत नाही हे बघून तिनं ब्लाउज खुर्चीवर ठेवला.

अक्का म्हणाली, "येणारच. सगळ्यांनाच बोलवावं लागतं त्याच्या कंपनीला. कामच आहे ते त्याचं." आवाज जराही हलला नव्हता. तीस वर्षं वॉर्डात नातेवाइकांना वाईट निरोप देत आलेला तो आवाज होता. "बाही ठीक केलीस ना? घालून बघते आणि सांगते तुला."

शिलाईवाली गेली. अक्कानं तिच्यामागे दार लोटून घेतलं. पाठमोरीच तिनं विचारलं.

"किती जणांना गेलं?"

"चाळीस लाख."

"आले किती?"

"नऊ लाख."

"आल्यावर दारात कोण होतं त्यांच्या?"

तो कपाच्या कानाशी चाळा करत बसला.

"धाकट्या, विचारतेय मी."

"चित्र होतं. म्हातारीचं. आणि पाच दिवे फुकट."

"पाच दिवे." तिनं मान हलवली, तपासणीचा कागद वाचून हलवावी तशी. "वाक्य तुलाच दिलं होतं मी. दिलेलं परत मागत नाही. पण तू ते माझ्याच दारात आणून टाकलंस रे. आणि मी वेडी तीन आठवडे ते उशाशी घेऊन झोपले."

"अक्का, नोकरी जाणार होती."

"मग यायचंस इथं. पहिल्यांदा आला होतास तसा." ती परत खिडकीपाशी बसली. "आणि आज? आज कशाला आलास?"

खालून शिलाई मशिनची टकटक येत होती. त्यानं कप हातात धरला होता. वर साय आली होती. अक्का लहानपणापासून त्याचं न बोललेलं वाचत आली होती.

"अजून एक हवंय," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

"असं होय." ती हसली की काय ते त्याला बघवलं नाही. "चहा पी. निघताना देईन."

तो प्याला. गार होता. उठला, चपला घातल्या, दारात उभा राहिला. दरवेळी निघताना ती म्हणायची, सावकाश जा, पोचलास की कळव. तेवढं तरी म्हणेल म्हणून तो थांबला. अक्का दारापर्यंत आली. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर दोरा चिकटला होता, तो काढला. बाकी काही म्हणाली नाही. दार लोटलं.

तो चार पायऱ्या उतरला आणि मागून आवाज आला.

जुनी कडी. एकोणतीस वर्षं हात लागला नव्हता तिला. कोयंड्यावर आपटली, बसली नाही. पुन्हा आपटली. ते दार खालून फुगलेलं आहे, गुडघ्यानं जरा उचलून धरल्याशिवाय कडी जात नाही. लहानपणी ही युक्ती त्यानंच काढली होती. अक्काला जमायची नाही. ती म्हणायची, धाकट्या, तूच लाव बाबा.

तो जिन्यात उभा राहिला. वर जाऊन सांगता आलं असतं. आतून गुडघा दारावर टेकल्याचा आवाज आला, मग तिचा लांब श्वास.

तिसऱ्यांदा कडी बसली.