सेलूतलं समुद्रफूल

मित्रांनो, सेलूला माधवरावांच्या घरी कधी गेलात, तर पुढच्या खोलीत खिडकीखाली एक काचेची टाकी दिसेल. तिच्यात सध्या कांदे-बटाटे असतात. ती मी. कधीकाळी माझ्या पोटात समुद्र होता असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. सेलूपासून समुद्र किती लांब आहे, हे मलाही ठाऊक आहे.

मला योगीराजने घडवलं. बाजारात त्याचं काच कापायचं दुकान आहे. खिडक्या, आरसे, शोकेस करणारा माणूस. माधवरावांची लेक मैथिली माप घेऊन आली, तेव्हा त्याला वाटलं, हिला बाहुल्या मांडायला पेटी हवी असेल. मासे म्हटल्यावर त्याने जोड दुप्पट पक्के केले, मला काठोकाठ भरून ठेवलं आणि कडेकडेने बोट फिरवून पाहिलं. एक थेंब पाझरला नाही. त्या गोष्टीचा तोरा मी अजून सोडलेला नाही.

मैथिली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. कॉलेजच्या सहलीला कोकणात गेली, तेव्हा येताना तिने पिशवीत नारंगी अंगाच्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणली, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणली, आणि एका दगडाला चिकटलेलं अंगठ्याएवढं समुद्रफूल. ते फूल म्हणजे झाड नव्हे बरं का. तो जीवच असतो. त्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांत ते दोन मासे झोपायचे.

तिची आई सुमंगलाबाई कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या.

"कामून गं आणायलीस हे? आपल्या घरात मासे, आन् वर कोळंबी? दिनकरराव बघतील तर म्हणतील, वहिनी, आज कालवण कशाचं?"

दिनकररावांनी, म्हणजे शेजाऱ्यांनी, अगदी तसंच विचारलं. सुमंगलाबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण नाक मुरडणाऱ्या माणसाला लळा लागला की तो बघण्यासारखा असतो. उन्हाळ्यात लाइट गेली की माझा पंप बंद पडायचा आणि आतल्या जिवांना हवा मिळेनाशी व्हायची. मग सुमंगलाबाई पदर खोचून समोर बसायच्या, मगात माझं पाणी घ्यायच्या आणि दूध निववावं तसं उंचावरून पुन्हा माझ्यातच ओतत राहायच्या. हात भरून आला तर हात बदलायच्या. पाणी फार तापलं, तर बर्फ झालेली बाटली माझ्यात तरंगत सोडायच्या. मैथिली कॉलेजला असायची. त्या फुलाला खरं वाढवलं सुमंगलाबाईंनी, हे मी काचेवर हात ठेवून सांगेन.

फूल वाढलं आणि ताटाएवढं झालं. मी अपुरी पडू लागले. त्यातच मैथिलीला कोकणात नोकरी लागली. जाण्याआधी तिने माझ्या तिप्पट मोठी टाकी आणली आणि ह्याच खोलीत माझ्यासमोर ठेवली.

"आई, पाणी जास्त असलं की टाकी सांभाळायला सोपी जाते," ती म्हणाली. "थोडंफार चुकलं तरी पाणी ते पचवतं."

ज्या दिवशी माझं पोट रिकामं झालं, त्या दिवसाचं मी काय सांगू? नव्या टाकीत मिठाचं पाणी आधीच तयार होतं. मैथिलीने माझं पाणी बादल्यांत काढलं. दगड धुतले नाहीत. त्यांच्यावरच्या बारीक जिवांमुळे पाणी स्वच्छ राहतं म्हणून ते ओलेच उचलले. फुलाचा दगड तर तिने तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर नेला. मासे बादलीत ठेवून त्यात सलाईनच्या नळीने थेंब थेंब नवं पाणी सोडलं. सुमंगलाबाई बादलीशेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी फूल नव्या घरात पसरलं, मासे त्यात शिरले. मला वाईट वाटलं, पण समाधानही वाटलं. माझं काम मी नीट केलं होतं.

जाताना मैथिलीने आईला सगळं समजावलं. मीठ किती, खाणं किती, दिवा किती वेळ. "आन् पाण्यात विरघळणारं काही टाकायचं नाही, बरं का."

तिची गाडी गेली. सुमंगलाबाई स्टेशनवरून एकट्याच घरी आल्या. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि गंगा ओलांडताना लोक पाण्यात पैसा सोडतात. नव्या पाण्याची ओटी भरल्याशिवाय सुमंगलाबाईंना चैन पडेना. हळदी-कुंकवाचा करंडा त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला. कुंकू विरघळतं. मग कपाटातून त्यांनी तांब्याचा जुना भोकाचा पैसा काढला. मैथिली लहान असताना दृष्ट लागू नये म्हणून तो तिच्या गळ्यात बांधत. धातू थोडाच विरघळतो, असं म्हणून त्यांनी तो नव्या टाकीत सोडला आणि हात जोडले.

"लेकरांना सांभाळ," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं, हळूहळू. कोळंबीला आणि समुद्रफुलाला ते विष असतं. मैथिलीला ते माहीत होतं, पण सांगायचं तिला सुचलं नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

आधी कोळंबी उलटी पडलेली दिसली. मग फूल आकसू लागलं. सुमंगलाबाई फोनवर मैथिलीला टाकी दाखवायच्या. मीठ बरोबर, दिवा बरोबर, खाणं बरोबर. "तुझी आठवण काढायलंय ते," त्या म्हणायच्या. माधवराव आणि त्या बादल्या भरभरून पाणी बदलत राहिले. पैसा मात्र वाळूत होता. एके सकाळी फुलाने दगड सोडला. दोन्ही मासे त्या लोळागोळ्यापाशी फिरत राहिले, आणि मैथिली पोचेपर्यंत ते गेलं.

बाकी सगळं बरोबर, म्हणजे पाण्यात काहीतरी पडलंय, हे ओळखून तिने बाही वर करून वाळू चाळली आणि हिरवा पडलेला पैसा वर काढला.

"सापडला का? राहू दे त्यात," सुमंगलाबाई म्हणाल्या. "हे दोघं तरी नीट राहतील."

मैथिलीने मूठ मिटली. सांगावं की नाही, हे तिच्या तोंडावर मला वाचता येत होतं. पण पुन्हा कोळंबी आणली, पुन्हा फूल आणलं, तर पुन्हा पैसा पडला असता.

"आई, तांबं यांना चालत नाही."

सुमंगलाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या पाटावर बसल्या.

"म्हणजे माझ्याच हातानं?"

"तुला मी सांगितलंच नव्हतं, आई. माझं चुकलं."

"तू सगळं सांगितलंस गं," त्या म्हणाल्या.

मैथिली परत गेली. आता माशांना माधवराव खाणं टाकतात. सुमंगलाबाई त्या खोलीतून जातात त्या पलीकडच्या भिंतीला लागून, टाकीकडे न बघता. त्यांची चाहूल लागली की दोन्ही मासे काचेशी येऊन उभे राहतात. त्या गेल्या तरी उभे राहतात. मला ते बघवत नाही, पण माझी काच त्यांच्यासमोरच आहे.

मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याला काय चालत नाही ते आधी विचारून घ्या, हे मी सांगणारच होते. पण जपता जपता ज्याच्या हातून चुकलं, त्यालाही जपायला हवं, आणि ते कोणी करत नाही. तुम्ही सेलूला आलात तर घरात या. माझ्याकडे लक्ष दिलं नाहीत तरी चालेल. सुमंगलाबाईंचा हात धरून त्यांना त्या काचेपाशी न्या आणि तुमच्या तोंडाने सांगा, काकू, हे तुमचीच वाट बघायलेत.