मेकॅनिकचा नवरा

अनीशला डेंग्यू झाला आणि चौथ्या दिवशी प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या. आलमबागच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघं तीन वर्षं संसार करतोय. त्याच्या घरच्यांनी केव्हाच तोंड फिरवलंय. तापात तो एवढंच म्हणाला, "यार, अंकल को बोल ना, एक बार आ जाएँ." म्हणून मी हॉस्पिटलमधून तडक अलीगंजला बाबांच्या घरी आलो, त्यांना घेऊन जायला.

बँकेतून रिटायर झाल्यापासून बाबांना अंतराळातल्या मालिकेचं वेड लागलंय. आजही तीच चालू होती. यानातल्या मेकॅनिकचा नवरा पृथ्वीवर आजारी, आणि कॅप्टन त्याला फोन लावू देईना. मेकॅनिक पुरुष, त्याचा नवरा पुरुष, यानात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"गाढव कॅप्टन!" बाबा डोळे पुसत ओरडले. "अरे, नवरा आहे तो त्याचा! दोन मिनिटं बोलू दे की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा! किती सहज म्हणाले. अनीश मात्र तीन वर्षं यांच्या तोंडी 'रूममेट'. जुनी माणसं, त्यांना कळत नाही, असं म्हणून मी राग गिळत आलो. यांना तर सगळं कळतं!

मी टीव्ही बंद केला. घरात बाबा मराठीत बोलतात, मी इथेच उत्तरेत वाढलेला, हिंदीतच. "बाबा, अनीश एडमिट है. डेंगू. आपको पूछ रहा है, चलिए."

"अरे बापरे." बाबा लगेच उठले. पण मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं तसे थबकले. "आपल्या मराठी मंडळाचे भास्कररावही तिथेच अॅडमिट आहेत ना रे? त्यांनी विचारलं तर मी रूममेटच सांगणार हं."

"अभी तो उस मेकॅनिक के लिए रो रहे थे आप!"

"ते अंतराळात आहे रे," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिथे आपल्याला कोण ओळखतंय?"

चिडले असते, ओरडले असते, तरी परवडलं असतं. ही समजूत मला सहन होईना.

"तो मत आइए," म्हणालो आणि निघालो. बाबा दारापर्यंत आले, "अरे यश, ऐक तरी," म्हणत.

जिन्यात शेजारचे श्रीवास्तव अंकल भेटले. "क्या बेटा, बड़ी जल्दी में हो?"

"मेरा पति अस्पताल में है, अंकल," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, वर ऐकू जावं म्हणून.

वर दार बंद झालं. कडीही लागली.