दादाचं शेवटचं पेट्रोल

भाव वाढायच्या आदल्या दिवशी दादाने गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरली, घरी येऊन सगळ्यांना आपली हुशारी ऐकवली आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः गेला. हुशारी टाकीतच राहिली.

गाडी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. टायर बसले, काचांवर बोटभर धूळ साचली. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, हल्ली सुतारकामाचा नाद लागला होता आणि जेवणात लाकडाचा भुसा सापडू लागला होता. तिला गॅरेज हवं होतं. भंगारवाला म्हणाला, "गाडी नेतो, पण टाकी रिकामी करून द्या."

दीर मदतीला धावला. मदतीला धावणं हा त्याचा जुना आजार.

"गटारात ओतू. वाहून जाईल."

"आणि वाफ गटारात कोंडली की?" वहिनी म्हणाली. "कोणीतरी विडी टाकेल आणि अख्खी गल्ली वर जाईल. झिरपलं तर पाणी नासेल ते वेगळंच."

"मग माझ्या मोटारसायकलला घालतो."

वहिनीने टाकीचं झाकण उघडलं. शिळ्या वार्निशसारखा आंबूस भपकारा आला. "हे घातलंत तर मोटारसायकलही भंगारवाल्याला द्यावी लागेल."

ती हातपंप आणायला दुकानात गेली, तेवढ्यात दिराने शहाणपण केलं. टाकीत नळी सोडली आणि तोंडाने ओढली. वहिनी परतली तेव्हा तो अंगणात बसून थुंकत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पोटात गेलं का, भाऊजी?"

"थोडं."

तो घशात बोटं घालणार, तोच वहिनीने त्याचा हात धरला आणि डॉक्टरला फोन लावला. उलटी अजिबात करू नका, फुप्फुसात गेलं तर जड जाईल, लगेच घेऊन या, असं डॉक्टर म्हणाला. तपासून, दिवसभर नजरेखाली ठेवून त्याने संध्याकाळी सोडलं. घरी त्याला सिगारेट मिळेना. स्वयंपाकघराकडे वळला की वहिनी म्हणे, "भाऊजी, लांबून. गॅस चालू आहे."

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजचं दार सताड उघडलं, पेट्रोलसाठीचे झाकणाचे डबे जमिनीवर मांडले आणि हातपंपाने टाकी उपसली. वाफेला जागा म्हणून डबे थोडे रिकामेच ठेवले. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर न्यायला नणंद आपली गाडी घेऊन आली. येतानाच रडत आली. हातात काचेची बाटली.

"वहिनी, एवढीशी ठेवते. दादाचं शेवटचं पेट्रोल."

"कुठे ठेवणार?"

"त्याच्या फोटोसमोर."

"जिथे तुम्ही रोज मेणबत्ती लावता, तिथे?"

नणंदेने बाटलीकडे पाहिलं.

"वन्सं, दादाला भेटायची एवढी घाई आहे का?"

नणंदेला रडता रडता हसू फुटलं आणि त्या हसण्याचा तिला रागही आला. बाटली तिने रिकामीच परत पर्समध्ये टाकली.

डबे उभे, काचा खाली, अशा थाटात दोघी निघाल्या. केंद्रातल्या माणसाने वास घेतला, मान हलवली आणि सगळं एका मोठ्या पिंपात ओतलं. कोणाचं पेट्रोल, कोणाचं थिनर, सगळं एकत्र. नणंद पिंपाकडे बघत राहिली. दोन शब्द बोलावेत असं तिला वाटत असावं, पण मागच्याने हॉर्न वाजवला.

परतताना नणंद म्हणाली, "खरं सांगू? दादाने मला त्या गाडीला कधी हात लावू दिला नाही. सीट मळेल म्हणायचा."

"मला मागे बसवायचा," वहिनी म्हणाली. "पुढच्या सीटवर त्याची बॅग असायची."

"मेला."

"हो, ते तर झालंच."

सिग्नल हिरवा झाला तरी दोघी हसत होत्या.

भंगारवाल्याचा ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून टायरमध्ये हवा भरून गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची ठरली. स्टिअरिंग कोणीतरी धरायला हवं होतं. नणंद काही न विचारता जाऊन बसली. वहिनीने शेजारचं दार उघडलं, सीटवरची धूळ झटकली नाही, तशीच टेकली.

"दोघी कशाला बसताय?" मागून दीर खोकत म्हणाला. "ढकलायचंय मला."

"ढकला, भाऊजी," नणंद म्हणाली. "हळूहळू ढकला. घाई नाही."